खाली काहीच करत नाही, वर आला की चादरीवर

पत्र

नमस्कार. मार्चच्या शेवटी मोहोळजवळच्या दिरांच्या वस्तीवरून आम्ही कुत्र्याचं पिल्लू आणलं. गावठी आहे, साधारण ४ महिन्यांचा, नाव खंड्या. नाव सासूबाईंनीच ठेवलं. आम्ही जुळे सोलापुरात दुसऱ्या मजल्यावर राहतो. घरात मिस्टर, मी, सासूबाई आणि ९ वर्षांचा मुलगा. खंड्याच्या दोन लसी झाल्यात, पण तीन आठवडे होऊनही शी-शूची सवय लागत नाही. मिस्टर पहिल्या पाळीला एमआयडीसीत जातात, त्याआधी त्याला शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर नेतात. त्यांना उशीर होतो म्हणून शू झाली की लगेच वर आणतात. सुरुवातीला तो तिथे करायचा. आता वीस मिनिटं फिरवलं तरी काही नाही, आणि वर आला की दोन मिनिटांत हॉलमधल्या चादरीवर. दुपारी मिस्टर घरी आले की दारातच थेंब थेंब करतो. शेजारचे काका म्हणतात, तोंड त्यात घासा आणि पेपरच्या सुरळीने दोन द्या. मी पाणी कमी करून बघितलं, रोज दोनदा फिनाईलने पुसते. सासूबाई म्हणतात, "वस्तीवर सोडून या की त्याला." मे महिन्यात नणंद मुलांना घेऊन सुट्टीला येणार आहे. तोवर शिकला नाही तर मला त्याला ठेवता येणार नाही. काय करू?

– एक वाचक, जुळे सोलापूर


ताई, नमस्कार.

आधी एक काम करा, बाकीचं मग वाचा. खंड्याची पाण्याची वाटी भरा आणि दिवसभर ती रिकामी राहू देऊ नका. पाणी कमी केलं की शू कमी होईल असं पुष्कळ घरांत वाटतं, तुम्हालाही वाटलं, त्यात मनाला लावून घेण्यासारखं काही नाही. पण या दिवसांत आपल्याकडे पारा ४० च्या वर असतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकतो, तोंडातला ओलावा वाफ होऊन जातो आणि त्यानेच त्याचं अंग थंड राहतं. पाणीच मिळालं नाही तर ऊन लागून एवढंसं पिल्लू काही तासांत हातचं जाऊ शकतं. शिवाय पाणी तोडलं की लघवी दाट होते, जळजळते, आणि जळजळ झाली की पिल्लू उलट थोडी थोडी, जास्त वेळा करतं. पाणी मोजू नका. पाणी प्याल्यानंतरचा वेळ मोजा.

आता खंड्याच्या बाजूने बघू. तो जन्मला तिथे आत आणि बाहेर असा भेदच नव्हता. कडब्याच्या गंजीच्या आडोशाला झोपायचं आणि चार पावलं चालून बांधावर मोकळं व्हायचं. पिल्लू साधारण तीन आठवड्यांचं झालं की झोपायची जागा सोडून लांब जाऊन करायला लागतं. ही समज त्याला कोणी द्यावी लागत नाही. म्हणजे खंड्याला स्वच्छता कळते. त्याला कळत नाही ते इतकंच, की तुमचं अख्खं घर ही झोपायची जागा आहे. त्याच्या लेखी घर म्हणजे तो जिथे अंग टाकतो तो कोपरा. त्या कोपऱ्यात तो घाण करतो असं तुम्ही कुठे लिहिलेलं नाही, आणि माझी खात्री आहे की करतही नसेल. तिथून आठ-दहा पावलांवर तुमची चादर आहे. वस्तीवरचा बांध तेवढाच लांब असणार.

आणि चादरच का, तेही सांगते. दोन-सव्वादोन महिन्यांचं होईपर्यंत पिल्लाच्या पायांना एक ओळख पक्की होत जाते. ज्या प्रकारच्या जमिनीवर लहानपणी मोकळं झालं, तशी जमीन पायाखाली आली की पुढेही तिथेच होतं. खंड्याच्या पायांना ओल पिऊन घेणारी भुसभुशीत माती माहीत आहे. तुमच्या हॉलमध्ये सगळीकडे गुळगुळीत फरशी. तिच्यावर केलं की ओघळ परत पायाशी येतो. त्यात एकच जागा मऊ आणि शोषून घेणारी, ती म्हणजे आपली जाड सुती सोलापुरी चादर. त्याने मातीला सगळ्यात जवळची वस्तू निवडली. म्हणून निदान दीड महिना जमिनीवर चादर, सतरंजी, पायपुसणं, वाळत टाकलेला आणि खाली घसरलेला टॉवेल, काही काही नको. सासूबाईंना दुपारी खाली आडवं व्हायचं असेल तर चादर अंथरावी आणि उठल्यावर घडी घालून वर ठेवावी.

पण खरी गाठ आहे ती तुमच्या एका वाक्यात: "शू झाली की लगेच वर आणतात."

खंड्याच्या दिवसातली सगळ्यात आनंदाची वेळ म्हणजे तो प्लॉट. वास, वारा, माती, पाखरं. दिवसाचे बाकी तास बंद दार आणि फरशी. पहिल्या आठवड्यात तो खाली गेला, त्याने शू केली आणि त्याच क्षणी पट्टा ओढला गेला, जिना आला, दार बंद झालं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. त्याने यातून काय घ्यावं? शू केली की बाहेरचं संपतं. मग तो धरून ठेवायला शिकला. जितकं धरू तितकं बाहेर राहू. वर आल्यावर मात्र धरवत नाही, आणि समोर चादर असते. याला कृपा करून हट्ट म्हणू नका. नकळत दिलेला धडा त्याने तंतोतंत गिरवलाय, आणि जे पिल्लू हा धडा इतक्या लवकर शिकतं ते दुसराही शिकेल.

तर क्रम उलटा करायचा. खाली गेल्यावर फिरायला सुरुवात करायचीच नाही. रोज एकाच ठिकाणी जाऊन झाडासारखं उभं राहायचं. पट्टा चार-पाच फुटांचा, सैल. त्याच्याशी बोलायचं नाही, मोबाईल काढायचा नाही, ओढायचं नाही. तो तिथल्या तिथे हुंगत गोल फिरेल, कंटाळेल, मग करेल. करत असताना गप्प राहा, कारण मध्येच कौतुक केलं की पिल्लं अर्ध्यावर थांबतात आणि उरलेलं घरी येऊन करतात. संपलं की त्याच क्षणी शाब्बासकी, तोंडात खाऊ आणि मग फिरणं सुरू. आता त्याचा हिशेब बदलतो: आधी शू, मग मजा.

खाऊ खिशातच हवा. वर येऊन फ्रीजमधून काढून दिलात तर त्याला वाटतं, जिना चढल्याबद्दल मिळाला. एक-दोन सेकंदांपलीकडची सांगड त्याला लागत नाही. पनीरचा हरभऱ्याएवढा तुकडा किंवा उकडलेल्या अंड्याचा चुरा पुरे. पण हा खाऊ दिवसात दुसऱ्या कशाहीसाठी द्यायचा नाही, नाहीतर त्याची किंमत उतरते. आणि एक काळजीची गोष्ट. आपल्या जिल्ह्यात द्राक्षबागा आहेत, घरोघरी बेदाण्याचा डबा असतो. मुलाला सांगून ठेवा, द्राक्ष किंवा बेदाणा खंड्याला एकसुद्धा द्यायचा नाही. त्याने कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. शेंगाचटणी लावलेली भाकरीही नको, त्यातला लसूण त्याला बाधतो.

पाच-सात मिनिटं उभं राहूनही काही केलं नाही तर? फिरवू नका. वर आणा, पण दारात पट्टा सोडू नका. इथेच बहुतेक घरांत चूक होते. पट्टा तुमच्या कमरेला बांधा किंवा त्याला मांडीवर घेऊन बसा, दहा-पंधरा मिनिटं, आणि परत खाली. पुन्हा नाही, तर पुन्हा वर, पुन्हा दहा मिनिटं. पहिल्या दोन दिवसांत तुम्ही जिना मोजून दमाल. पण दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला तो करतो, आणि त्याने खाली केलेली प्रत्येक शू वर केलेल्या चार शूंचा हिशेब पुसते.

मिस्टरांना पहाटे एवढा वेळ नसणार, हे मला कळतं. पाळी कोणासाठी थांबत नाही. मग सकाळचं पहिलं नेणं काही दिवस तुम्ही घ्या आणि दुपारनंतरचं त्यांच्याकडे द्या. दोघांनी घाईत नेण्यापेक्षा एकाने निवांत नेणं केव्हाही चांगलं.

प्लॉटवर आणखी एक गोष्ट बघा. तिथे मोकळी कुत्री असतात का? शी करायला बसलेलं कुत्रं पळू शकत नाही, म्हणून मोठी कुत्री रोखून बघत असतील तर पिल्लू जीव मुठीत धरून गप्प राहतं. आणि घर ही त्याची निर्धास्त जागा असल्याने तिथे मोकळं होतं. तसं असेल तर भिंतीच्या आडोशाचा कोपरा धरा. खरं तर इमारतीच्या कंपाउंडमध्ये मातीची पट्टी असेल तर तीच निवडा. पार्व्हो म्हणजे पिल्लांचा जीवघेणा उलट्या-जुलाबाचा आजार, त्याचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो, आणि ४ महिन्यांच्या पिल्लाचं लसीकरण पूर्ण झालेलं असेलच असं नाही. तिसऱ्या लसीचं डॉक्टरांना लगेच विचारा. रेबीजची लसही तीन महिन्यांनंतर देतात, म्हणजे तीही आता झालेली हवी. घरात मूल आहे, सुट्टीला आणखी मुलं येणार आहेत, ती राहिली असेल तर याच आठवड्यात घ्या.

शब्दाचंही ठरवा. तुमच्याकडे मिस्टर "आवर लवकर" म्हणत असतील, तुम्ही "शू कर", मुलगा इंग्रजीत काहीतरी. आपल्या सोलापुरात तर एका घरात मराठी, कानडी, तेलुगू सहज नांदतात. माणसांना त्याची अडचण होत नाही, पण पिल्लाला एकच शब्द, एकाच सुरात लागतो. "शू-शू" ठरवा. तो करायला बसला की हा एकच शब्द हळू आवाजात एकदाच म्हणा, बाकी गप्प राहायचं ते तसंच. आठ-दहा दिवसांत शब्द आणि क्रिया जोडली जाते, मग नुसत्या शब्दाने तो जागा शोधायला लागतो. पावसाळ्यात, चिखलात पाय टाकायला तो कुरकुरेल तेव्हा हा शब्द फार उपयोगी पडेल.

आता किती वेळा न्यायचं. ४ महिन्यांचं पिल्लू निवांत झोपलं तर चार-पाच तास धरू शकतं. जागं असताना तेवढं अजिबात नाही, खेळात तर तासाभरातही लागते. झोपून उठला की लगेच. जेवल्यावर पाच ते तीस मिनिटांत, कारण पोटात अन्न पडलं की आतडी हलायला लागतात. खेळून झाल्यावर. पाहुणे आले-गेले की. आणि यातलं काहीच झालं नाही तरी जागेपणी दर दीड-दोन तासांनी. दुसऱ्या मजल्यावरून हे सोपं नाही. पहिले काही दिवस त्याला उचलूनच खाली न्या, चालवत नेलंत तर पहिल्या वळणावर होईल आणि मग जिन्याची कटकट मागे लागेल.

मुलाला सुट्टी लागली की एक वही द्या. किती वाजता खाल्लं, किती वाजता झोपून उठला, किती वाजता केली आणि कुठे. चार दिवस लिहिलं की त्यात खंड्याचं स्वतःचं वेळापत्रक दिसेल. मी हे अनेक घरांत सांगत आले आहे, आणि दर वेळी घरचेच चकित होतात. "अहो, हा रोज सव्वाअकराला करतो की!" असं कळतं. मग सव्वाअकराची वाट न बघता अकराला खाली न्यायचं, इतकं ते सोपं होतं.

दुपारचं काय, हा प्रश्न आपल्या गावात मोठा आहे. बारा ते पाच डांबर आणि सिमेंट तापलेलं असतं. हाताची मागची बाजू जमिनीला सात सेकंद लावा. तुम्हाला सोसलं नाही तर त्याच्या पंज्यालाही सोसत नाही, गादी भाजते. फिरणं सकाळी ऊन चढायच्या आत आणि संध्याकाळी सातनंतरच. मधल्या वेळेसाठी मागच्या बाल्कनीत एक मोठं घमेलं ठेवा. त्यात चार-पाच बोटं माती, वर त्याने आधी शू केलेल्या जागची मूठभर माती. वासाने जागा ओळखणं हे त्याचं वाचन आहे. वेळ झाली की पट्टा लावून तिथे न्यायचं, तोच शब्द, तोच खाऊ. माती दर दोन-तीन दिवसांनी बदला. लोक वर्तमानपत्र पसरतात, ते मला आवडत नाही. कागदावर शिकलेला कुत्रा आजोबांच्या हातून खाली पडलेल्या पेपरवरही करतो आणि मग मार खातो. माती घरात दुसरीकडे कुठे नसते, म्हणून घमेलं बरं. ऊन उतरलं, पाऊस सुरू झाला की घमेलं काढून टाकायचं.

आणि मधला वेळ? तीन आठवडे खंड्या एकतर तुमच्या नजरेत किंवा त्याच्या कोपऱ्यात. घरभर मोकळा सोडू नका. स्वयंपाक करताना पट्टा ओट्याजवळच्या खुर्चीला बांधा, त्याचं पोतं तिथेच टाका, तो तुमच्या पायाशी झोपेल. तासन्‌तास बांधून ठेवणं वेगळं, ते मी सांगत नाही. माणसाच्या सोबतीत असलेला पट्टा त्याला बंधन वाटत नाही. सात-आठ दिवस हॉलमध्ये एकही चूक झाली नाही की स्वयंपाकघर मोकळं करा, मग पुढची खोली. असं एकेक खोली करत त्याच्या डोक्यातलं 'घर' मोठं होत जातं. तो एकदम जमीन हुंगत गोल फिरायला लागला, खेळता खेळता थांबून दाराकडे किंवा कोपऱ्याकडे निघाला, की हातातलं सोडा आणि उचला.

डोळ्यादेखत करताना सापडला तर "अरे अरे" एवढंच, आणि उचलून खाली. नंतर सापडलं तर काहीच नाही. पुसायचं आणि वहीत वेळ लिहायची.

काकांचा सल्ला मी स्वतः पाळून बघितलाय, म्हणून त्यावर थोडं जास्त लिहिते. पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही साखर पेठेत वाड्यात राहत होतो. माझी पहिली कुत्री, काळी, अशीच लहान. मला सगळ्यांनी हेच सांगितलं आणि मी केलं. तिचं तोंड धरून फरशीवर टेकवलं, रागावले. चार दिवसांत हॉलमधली घाण थांबली आणि मला वाटलं जमलं. आठवड्याने वास यायला लागला. ती लाकडी कपाटाच्या मागे, धान्याच्या कोठीच्या आड जात होती. आणि त्याहून वाईट म्हणजे, बाहेर नेलं तरी माझ्यासमोर ती करेना. पट्ट्याच्या टोकाशी थरथरत उभी राहायची, माझ्याकडे बघत. घरात करू नये हे ती शिकलीच नव्हती. या बाईच्या समोर करू नये, हे शिकली होती. ते विसरवायला मला चार महिने लागले. तिच्या डोळ्यांतली ती भीती मला अजून दिसते. खंड्या आज तुमच्यासमोर चादरीवर बसतो, म्हणजे तो तुम्हाला घाबरत नाही. हे भांडवल घालवू नका. त्याच्यावरच पुढचं सगळं उभं आहे.

दारातल्या थेंबांची गोष्ट निराळी आहे, तिला या सवयीत मोजू नका. मिस्टर आले की तो कान मागे टाकतो, अंग वाकडं करत, शेपूट खाली हलवत येतो ना? ही लहान पिल्लांची मोठ्यापुढे वाकायची पद्धत आहे, नमस्कारच म्हणा. आनंद आणि थोडी धास्ती एकत्र होते आणि थेंब सुटतात. त्याला ते कळतही नाही. ओरडलात तर धास्ती वाढते आणि थेंबही. मिस्टरांना सांगा, आल्यावर पाच मिनिटं त्याच्याकडे बघायचं नाही, वाकायचं नाही, डोक्यावर हात न्यायचा नाही. चप्पल काढा, हातपाय धुवा, मग खाली बसून हनुवटीखाली खाजवा. वय वाढलं की हे बहुतेक आपोआप जातं.

मात्र एक तपासणी करून घ्या. दिवसभर थोडी थोडी करतो, करताना कुंथतो किंवा कळवळतो, रंग लालसर दिसतो, पाणी फारच पितो, यातलं काही दिसलं तर लघवीचा नमुना घेऊन डॉक्टरांकडे जा. मूत्रमार्गाला जंतुसंसर्ग असेल तर जगातली कोणतीही शिस्त उपयोगाची नाही. जंताचं औषधही विचारा. वस्तीवरून आलेल्या पिल्लाच्या पोटात जंत असणं फार साधारण आहे, आणि गोल जंत माणसांच्या मुलांनाही बाधतात. तुम्ही त्याला दूध-भाकरी देत असाल तर दूध थांबवून बघा. दूध सोडलेल्या पुष्कळ पिल्लांना ते नीट पचत नाही, शी पातळ होते, आणि पातळ शी कोणाला धरता येते? दिवसातून तीन वेळा, ठरलेल्या वेळी खाणं, वीस मिनिटांनी ताट उचलायचं. खाणं वेळेवर आत गेलं की वेळेवर बाहेर येतं.

आता पुसण्याचं. फिनाईल बंद करा. त्याचा उग्र वास आपल्या नाकाला लघवीचा वास झाकतो, त्याच्या नाकाला नाही. वर ते पंज्यांना लागतं, तो पंजे चाटतो आणि पोटात जातं. बाथरूमचं ॲसिडही नको. आधी जुन्या कपड्याने दाबून सगळं टिपून घ्या, घासू नका, पसरतं. मग एंझाइमवाल्या कपडे धुण्याच्या पावडरीचं पाणी, दहा मिनिटं राहू द्या, ओल्या फडक्याने पुसा. एंझाइम लघवीतले वास धरून ठेवणारे घटक फोडतात, म्हणून जागा खरोखर कोरी होते. टाइल्सवर अर्धं व्हिनेगर, अर्धं पाणी चालेल. बाल्कनीत किंवा गच्चीत शहाबादी असेल तर तिच्यावर व्हिनेगर अजिबात नको. शहाबादी हा चुनखडीचा दगड, आंबट पदार्थाने खराब होतो. या सगळ्याला दोन तांब्यांच्या वर पाणी लागत नाही. नळाला रोज पाणी न येणाऱ्या आपल्या गावात फरशीवर बादल्या ओतण्याची सोय कोणाला आहे? त्या चादरी मात्र पावडरीच्या पाण्यात रात्रभर भिजवून, धुऊन, कडक उन्हात वाळवा आणि दीड महिना कपाटात ठेवा.

सासूबाईंबद्दल. त्यांना दत्ताच्या तसबिरीतली चार कुत्री दाखवून वाद जिंकू नका. पहाटे अंघोळ करून देवापाशी जाणाऱ्या बाईच्या पायाला ओलं लागत असेल तर तिचा राग खरा आहे. देवघराच्या दाराला आजच प्लायची एक फळी आडवी लावा, गुडघ्याएवढी, आणि त्यांना सांगा, "आई, इथे तो कधीच येणार नाही." हे वचन पाळा. मग त्यांच्याकडून एकच मदत मागा. घरात पहिली जाग त्यांनाच येत असेल तर खंड्या हलला की तुम्हाला हाक मारायची. नेणं, पुसणं, काही नाही, फक्त हाक. नाव त्यांनी ठेवलंय, तेही खंडोबाच्या नावावरून. आपल्या इथल्या बाळे गावच्या खंडोबाला नेमाने जाणाऱ्या घरात हे नाव सहज तोंडून निघत नाही. त्यांना तो नकोसा नाही, घाण नकोशी आहे.

वस्तीवर परत सोडण्याचा विषय तुमच्या पत्रात आहे म्हणून स्पष्ट लिहिते. दीर मनापासून सांभाळायला तयार असतील तर ते त्याचं दुसरं घर, त्यात पाप नाही. पण कोणी "हायवेला सोडून या, जगेल तो" म्हणालं तर ऐकू नका. जनावराला उपाशी-तहानलेलं राहील अशा जागी टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, तीन आठवडे तुमच्या पायाशी झोपलेला जीव तुमची वाट बघत त्याच जागी बसून राहतो.

नणंद येईपर्यंत तो पूर्ण शिकेल का? नाही, मी खोटं सांगणार नाही. वरचं सगळं नेटाने केलंत तर दोन-तीन आठवड्यांत दिवसाला चार-पाच चुकांवरून एखाद-दुसरीवर याल. पूर्ण भरवसा सहा महिन्यांचा झाल्यावर, काहींना वर्षही लागतं. पाहुणे आले, मुलांचा गोंधळ झाला की त्याच्या चुका वाढतील. नणंदेला आत्ताच फोन करून सांगून ठेवा, म्हणजे दारात पहिलाच प्रसंग अवघडलेला होणार नाही. मुलं आल्यावर पट्ट्याचा नियम आणखी घट्ट करा, आणि वहीचं काम सगळ्या मुलांत वाटून द्या. पुढे सहा-आठ महिन्यांचा झाला की तो पाय वर करून कोपऱ्यांवर थोडी थोडी करायला लागेल. ते खुणा करणं आहे. नसबंदीबद्दल तेव्हा डॉक्टरांशी बोला. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेतल्या दारूकामाच्या रात्रीही घरात होऊ शकतं, ते भीतीने. तेव्हाही रागावायचं नाही.

रात्रीचं तेवढं राहिलं. साडेदहा-अकराला शेवटचं खाली न्या. त्याचं पोतं तुमच्या पलंगाजवळ ठेवा, पट्टा पलंगाच्या पायाला, फार लांब नाही. रात्री कुरकुरला तर तो तुम्हाला सांगतोय. दिवा न लावता, न बोलता खाली न्या, झालं की परत झोप. पाण्याची वाटी जवळच असू द्या, या उकाड्यात ती काढू नका.

आज रात्री हॉलमधली चादर उचला, वही आणा, पनीर कापून डबीत ठेवा. सकाळी त्याने डोळे उघडले की उचलून थेट खाली, आणि त्याने केल्यावर पाच मिनिटं तरी त्याच्याबरोबर फिरा. नणंद परत गेली की वहीतलं मला लिहून पाठवा. सव्वाअकरा निघतात की आणखी काही, ते मला बघायचं आहे.